सहावा झगा

सिस्टर,

शनिवार, ८ फेब्रुवारी १८९६, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्या वेळी तुम्ही माझ्या डोक्यावरून मांजरपाटाचा एक झगा खाली ओढलात, माझे हात बाह्यांतून बाहेर काढलेत आणि बजावलंत की इथून पुढे आंघोळ याच्या आत करायची. माझी तक्रार त्या क्षणाबद्दल आहे. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण न्हाणीघराच्या दारातून समोरच्या व्हरांड्यातलं घड्याळ दिसायचं, आणि त्याच संध्याकाळी तुम्ही मला पहिली वही दिलीत व दिवसभरात काय घडलं ते वेळेसकट लिहायला लावलंत. ती वही अजून माझ्याकडे आहे. तक्रारीचं पत्र कसं लिहावं हेही पुढे तुम्हीच शिकवलंत. आधी तारीख आणि वेळ, मग घडलं ते विशेषणं न लावता, आणि शेवटी काय हवं व कधीपर्यंत हवं ते. या रीतीने मी म्युनिसिपालिटीला, रेल्वेला आणि शिक्षणखात्याला आयुष्यभर पत्रं लिहिली. बहुतेकांची उत्तरं आली. कंटाळून आली असतील, पण आली. तुम्हाला मात्र हे पहिलंच. तुम्हाला जाऊन अडतीस वर्षं झाली ही सबब मी ऐकून घेणार नाही. आणि मराठीत लिहिते याचा राग मानू नका. तुमच्या इंग्रजीत मी स्टेशनमास्तरशी तासभर भांडू शकते, पण या विषयापुरते शब्द त्या इंग्रजीत माझ्याजवळ नाहीत. तुम्ही ते दिलेच नाहीत.

मी तेव्हा नऊ वर्षांची. वडील गोंदियाच्या मालधक्क्यावर कारकून, आई दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली, आणि वडिलांच्या साहेबाच्या बाईने सुचवलेली तुमची शाळा आगगाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. आई होती तोवर आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात आंघोळ म्हणजे एक सोहळा असायचा. ती मला उघडी करून दगडावर बसवी आणि वाळलेल्या दोडक्याच्या जाळीने अशी घासे की शेजारचे म्हणत, पोरगी सोलून काढशील. मला वाटायचं, आंघोळ म्हणजे हेच. तुमच्याकडे शनिवारी आम्ही बावीस मुली रांगेत उभ्या. प्रत्येकीच्या अंगावर तसाच झगा, गळ्याशी नाडी, खाली घोट्यापर्यंत. आत गेलं की टिनाचा टब, कार्बोलिकच्या साबणाची वडी, एनॅमलचा मग, आणि दाराबाहेर तुमचा आवाज, ‘हात चपळ, नजर भिंतीवर!’ ओला मांजरपाट अंगाला चिकटायचा आणि साबण त्या कापडावरूनच फिरवायचा. त्या भिंतीचा पोपडा मला अजून दिसतो. डावीकडे वर बगळ्यासारखा एक डाग आहे, त्याच्याखाली चुन्याची फुगलेली कड. मी आत्ता गोंदियात माझ्या घरी बसले आहे, पण डोळे मिटले की त्या भिंतीसमोरच उभी आहे.

तुम्ही वाईट होतात असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. वडील दर वर्षी नव्या भाताचा तांदूळ पोतंभर पाठवत. पहिल्या वर्षी तुम्ही तो स्वतः रांधायला घेतलात, कारण स्वयंपाकीण तापाने पडली होती. तुम्ही पेज ओतून मोरीत टाकलीत आणि मी किंचाळले. माझ्या गावात पेज कोणी टाकत नाही, ती प्यायची असते. स्वयंपाकघरात ओरडल्याबद्दल तुम्ही मला शिक्षा दिलीत, आणि शिक्षा संपल्यावर विचारलंत, ‘आता सांग, काय चुकलं माझं?’ दुसऱ्या दिवशी तुम्ही एनॅमलच्या कपात पेज घेऊन, मीठ घालून, उभ्याने प्यायलात आणि तोंड वाकडं न करता म्हणालात, ‘चांगली आहे.’ ती तुम्हाला मुळीच आवडली नव्हती. पण पुढे आठ वर्षं, माझा तांदूळ आला की पहिल्या दिवशी तुम्ही कपभर पेज प्यायचात. असल्या माणसावर रागावायचं म्हणजे फार कष्ट पडतात.

आणि तो तक्ता. विलायतेहून मनुष्यशरीराचा मोठा रंगीत तक्ता आला, तेव्हा आम्ही बाकांवर चढून पाहत होतो. पण वर्गात टांगण्याआधी तुम्ही त्याला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बदामी कागद डकवलात. वर डोकं, खाली पाय, आणि मध्ये पार्सल. मी मधल्या सुटीत थुंकी लावून कागदाची कड सोडवत होते, तर तुम्ही मागे उभ्या. तुम्ही मारलं नाहीत. म्हणालात, ‘जे झाकलं आहे ते तुझ्यासाठी नाही.’ मी विचारलं, ‘पण सिस्टर, ते माझ्याकडे पण आहे ना?’ तुम्ही लाल झालात आणि मला शंभर ओळी लिहायला दिल्यात. प्रश्न मात्र चुकीचा होता असं तुम्ही म्हणाला नाहीत. हे मी तेव्हाही वहीत नोंदवलं होतं.

आता घडलं ते. मी गोंदियाच्या मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेस होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. लग्न केलं नाही. माझ्याकडे मागच्या खोलीत एक विधवा बाई राहते. तिच्या माहेरगावावरून सगळे तिला गोरेगाववाली म्हणतात, मीही तेच म्हणते. पन्नाशीची आहे. घरचं सगळं बघते आणि उरलेल्या वेळात, लहानपणापासून करत आली तेच करते, विड्या वळते. पंचवीस विड्यांचा कट्टा तिच्या मुठीत दिला, की न पाहता तिची बोटं त्यातली पोकळ विडी कुठली आणि दगडासारखी घट्ट भरलेली कुठली ते शोधून काढतात. कारखान्यात माल तपासणाऱ्याने छाट, म्हणजे नापास विड्या, बाजूला काढण्याआधी ती स्वतःच त्या काढून टाकते. दिवाळीनंतर मी अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हात कामट्यांत बांधला गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दुसऱ्याच्या हातून आंघोळ करून घ्यावी लागली. अर्थात झग्यासकट. होय सिस्टर, अजून तोच झगा. पन्नास वर्षं, घरात एकटी असूनही, दार लावून, झग्याच्या आत. तुमचे फाटले तसे मी त्याच मापाचे नवे शिवत गेले.

दोन आठवडे गोरेगाववालीने सोसलं. सोमवार, ११ नोव्हेंबर, सकाळी सात वाजता तिचा संयम संपला.

‘कायले जी हा बोंगा आंगावर? कपडा न्हाऊन राह्यला, आन् बाई कोरडीच!’

मी म्हटलं, ‘नियम आहे.’

‘कोनाचा?’

‘आमच्या सिस्टरांचा.’

‘कोठी हायेत त्या?’

‘वारल्या.’

‘मंग त्याईले कोन सांगाले जाते?’ असं म्हणून तिने एका हाताने नाडी सोडली आणि झगा काढून बादलीत टाकला. मी एकोणसाठ वर्षांची बाई, मी काय केलं असेल? मी भिंतीकडे पाहत उभी राहिले. ती साबण लावत शेजारणीच्या शेळीची कागाळी सांगत होती, की ती शेळी कुंपण ओलांडून आमची मेथी कशी खाते. शेळी कुंपणावर चढली तिथेच तिचं बोलणं थांबलं. बोटंही थांबली. मग ती परत त्याच जागी आली, अगदी हळू, कट्टा तपासावा तशी.

‘बाई, हे कवापासून हाय?’

‘काय?’

‘हे. सुपारीवानी. तुमच्या हातानं पाहा ना जी.’ तिने माझा डावा हात धरून तिथे नेला. मी तापल्या तव्याला लागल्यासारखा ओढून घेतला. तेव्हा ती जे म्हणाली ते मला कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याने ऐकवलं नव्हतं. ‘साऱ्या गावाच्या पोट्ट्याईचे कान पिरगाळले तुमी, आन् सोताच्या आंगाले हात लावाले भेता?’

ती गाठ तिथे किती दिवस होती, कोण जाणे. वर्ष असेल, दोन असतील. तिसऱ्या आठवड्याला मोलकरणीच्या बोटांना जे सापडलं ते माझ्या हातांना सापडलं नाही, कारण माझ्या हातांना तुम्ही झग्याबाहेर ठेवलंत. तक्रार ही आहे.

पुढचे दहा दिवस मी कुठेच गेले नाही, आणि हा दोष तुमच्या खात्यात टाकत नाही. मग दवाखान्यात गेले. तोंडाने सांगणं शक्य नव्हतं म्हणून मी तुमच्याच रीतीने चिठ्ठी लिहून नेली, डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत, की डाव्या बाजूस, गळ्याच्या हाडाखाली सात बोटांवर, अमुक तारखेस सकाळी सात वाजता काही काठिण्य आढळून आले आहे, तरी चौकशी व्हावी. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली, उलटून पाठ पाहिली आणि विचारलं, ‘बहनजी, ये क्या जमीन का झगडा है?’ मी काही बोलण्याआधी मागून गोरेगाववाली म्हणाली, ‘जमीन नाई जी, डाक्टरसाब. बाईच्या थानात गाठ हाय. हालत नाई.’ दार उघडं होतं. व्हरांड्यात खोकत बसलेल्यांचा खोकलासुद्धा थांबला. त्यांतल्या निम्म्या बाया माझ्या विद्यार्थिनी होत्या. मला वाटलं आता धरणी पोटात घेईल तर बरं. पण त्यांच्यातली एक उठली, दाराशी आली, आणि ते ओढून लावून त्याला पाठ टेकून बाहेर उभी राहिली, कोणी आत येऊ नये म्हणून. तिला मी कधी काळी कोपऱ्यात उभं केलं असणार.

डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथल्या सर्जनने तपासलं आणि माझ्या डोक्यावरून गोरेगाववालीकडे पाहत विचारलं, ‘घरी पुरुष माणूस कोण आहे?’ मी सांगितलं, ‘घर माझं आहे आणि पुरुषावाचून ते पंचवीस वर्षं उभं आहे. काय ते मला सांगा.’ मग त्यांनी मला सांगितलं. छोटा तुकडा काढून कलकत्त्याला पाठवायचा, तिथे तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील, आणि ती गाठ साधी आहे की कर्करोगाची ते कळवतील. साधी असेल तर गोष्ट संपली. नसेल तर सगळंच काढावं लागेल, आणि तेही किती उशीर झाला आहे त्यावर. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती इथे माझी. २८ नोव्हेंबरला तुकडा काढला. उत्तर टपालाने, तीन आठवड्यांनी.

आता यातला मूर्खपणा पाहा. नागपूरहून कलकत्त्याला जाणारी मेल गोंदियावरून जाते. म्हणजे मी भुसावळ-पॅसेंजरसारखी रखडत घरी पोचले, अंगणात बसले, आणि दुसऱ्या दिवशी माझाच तुकडा बाटलीत बसून माझ्याच घरावरून पुढे गेला. शिट्टी मी स्वतः ऐकली. आणि कलकत्त्याचं उत्तर येईल तेही गोंदियावरून, माझ्या दारासमोरून शिट्टी फुंकत नागपूरला जाईल, तिथे सर्जनसाहेब ते फोडतील, मग दुसऱ्या पाकिटात घालून परत इकडे पाठवतील. मी लेखी विनंती केली की उत्तराची एक प्रत गोंदियाला उतरवून घेण्याची व्यवस्था व्हावी. नियमात बसत नाही असं उत्तर आलं. तेव्हापासून कलकत्त्याकडून मेल येते त्या वेळी मी स्टेशनालगतच्या रेल्वे-फाटकाशी उभी राहते. गाडी पाच मिनिटं थांबते आणि जाते. त्यातल्या टपालाच्या डब्यात कदाचित माझा निकाल आहे, आणि तो माझ्यासमोरून माझ्याशी न बोलता निघून जातो. रागाने माझ्या हाताला घाम सुटतो. राग आहे असंच मी गोरेगाववालीला सांगते.

तिला ते पटत नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने माझ्यासमोर सूप आणून ठेवलं, त्यात भिजवून कापलेली तेंदूची पानं, तंबाखू आणि सुताची रीळ. ‘बसून बसून डोस्कं खराब करून राह्यल्या. हे घ्या, हाताले काम द्या.’ मी म्हटलं, ‘मी विड्या वळू?’ ती म्हणाली, ‘मंग काय नोटीसा लेहान रेल्वेले?’ मनगट सुटलं होतं पण ताठ होतं, तेवढाच व्यायाम म्हणून बसले. माझी पहिली विडी तिने बोटांत धरून उजेडात फिरवली आणि म्हणाली, ‘हे बिडी नोहोय जी, बाळंतिनीची उशी हाय.’ दुसरी इतकी सैल की तंबाखू सांडला. ‘हे वढनारा मानूस वढून वढून मरन, पर धूर नाई निंगाचा.’ मी इतक्या वर्षांत एवढी हसले नव्हते. आता मला एका बैठकीत दोन कट्टे जमतात. तिने त्यांत एक पोकळ विडी मुद्दाम घालून कट्टा माझ्या हाती द्यायचा आणि डोळे मिटून ओळखायला लावायचं, असा आमचा खेळ चालतो. परवा मी तीनदा ओळखली.

आणि असं दुपारच्या उन्हात सूप मांडीवर घेऊन बसले असताना मला तुमचे सहा झगे आठवले.

१९०४, माझं शाळेतलं शेवटचं वर्ष. तुमच्या आईच्या आजाराचं पत्र आयर्लंडहून आलं. तुम्ही लगेच उत्तर लिहून विचारलंत की आता कशी आहे. जायला तीन आठवडे, यायला तीन. शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारायची सोय नव्हती. त्या दिवसापासून तुम्ही दुपारी व्हरांड्यात मांजरपाटाचा तागा घेऊन बसायला लागलात. आम्ही कुजबुजायचो, की म्हातारी आता कोणाला झगे घालणार आहे. तुम्ही मान वर न करता शिवत होतात. टाके इतके बारीक की मोजता येऊ नयेत. एकदा माझी तुरपाई पाहिलीत, बोटभर वाकडी होती, आणि माझ्या हातात सुई-दोरा परत दिलात. उसव, पुन्हा घाल. मी पाच वेळा उसवली. सहावा आठवडा संपला आणि पत्र आलं. तुमची आई, तुम्ही पहिला झगा बेतायच्या आधीच गेली होती. तुम्ही पत्र वाचलंत, घडी केलीत, राहिलेली नाडी ओवलीत, आणि ते सहाही झगे माझ्या ट्रंकेत ठेवून दिलेत. ‘तुझ्यासाठी. नीट वापर.’ मी सतरा वर्षांची, मनात म्हटलं, आयुष्यभराची शिक्षा बांधून दिली. आठवड्याला एक झगा, हे गणित मी बेचाळीस वर्षांनी विड्या वळताना केलं. ते माझ्यासाठी शिवलेले नव्हतेच. तुम्ही वाट पाहत होतात, आणि वाट पाहून झाल्यावर तिचं काय करायचं ते तुम्हाला कळलं नाही, म्हणून मला दिलीत.

आणखी एक आठवतं. मी बारा वर्षांची, विषमज्वराने एकवीस दिवस पडलेली. झगा अंगावर ठेवून पुसणं शक्य नव्हतं. तुम्ही खोलीचं दार लावलंत, कोमट पाण्याचं भांडं आणलंत, माझे कपडे काढलेत आणि डोळे मिटलेत. खरोखरच मिटलेत. मी ग्लानीत पाहत होते. तुमच्या पापण्या घट्ट, ओठ हलताहेत, आणि हात मात्र एकही जागा न चुकवता मानेपासून पायापर्यंत फिरताहेत. आई गेल्यापासून ते पहिले हात होते, आणि गोरेगाववालीचे येईपर्यंत शेवटचे. गेल्या बुधवारी मीही तसंच केलं. न्हाणीघरात झगा काढला, डोळे मिटले आणि माझा हात तिथे नेला. सापडली. टाक्यांच्या जवळच, जशीच्या तशी. कट्ट्यातली घट्ट विडी लागते तशीच लागते. किंचाळले नाही.

एक प्रत या तक्रारीची माझ्या नावेही काढली आहे. सरकारकडून शरीराचा तक्ता माझ्याही शाळेत आला होता, आणि मीही खळ मागवून त्याच्या मध्यावर कागद चिकटवला होता. एका पोरीने विचारलं, ‘बाई, मधला मानूस कोठी गेला?’ मी तिला कोपऱ्यात उभी केली. दवाखान्यात दाराला पाठ लावून उभी राहिली ती हीच होती की नाही, आठवायचा फार प्रयत्न केला. आठवत नाही. ती असावी असं वाटतं आणि नसावी असंही.

आज रविवार, १५ डिसेंबर. बाहेर मळणीचा कोंडा उडतो आहे, त्याने सकाळपासून डोळे चुरचुरतात. तीन आठवडे गुरुवारी पुरे होतात. म्हणून माझी मागणी अशी आहे. त्या सहा आठवड्यांत तुम्हाला भीती वाटत होती का, आणि वाटत असेल तर तुम्ही ती कुठे ठेवलीत, याचा खुलासा करावा. शिवण्यात ठेवली असं उत्तर चालणार नाही, तेवढं मला समजलं आहे. शिवण खाली ठेवल्यावर, जेवणाच्या टेबलाशी, आमच्या वह्या तपासताना, दिवा मालवण्याआधीच्या प्रार्थनेत, तेव्हा ती कुठे होती? मी फाटकाशी उभी असते तेव्हा माझी कुठे ठेवू हे मला माहीत नाही. हे पत्र टपालात पडणार नाही. तुमचा पत्ता मला ठाऊक नाही आणि टपालखात्याचा अनुभव वर आलाच आहे. ते त्या पहिल्या वहीत, ८ फेब्रुवारीच्या पानाशी घालून ठेवीन. तुम्ही तपासायला मागाल तेव्हा तिथे मिळेल.

कबूल करायचं एकच राहिलं आहे. सहांपैकी पाच मी वापरून फाडले. सहावा कधीच घातला नाही, ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता. का, ते विचारू नका. उत्तर काहीही आलं तरी नागपूरला पुन्हा जावं लागणार आहे, आणि गोरेगाववाली म्हणते, ‘डाक्टरले दिसलं पायजे, असा पुढून उघडनारा पायजे.’ म्हणून काल मी तो बाहेर काढला आणि गळ्यापासून कमरेपर्यंत मधोमध कात्री लावली. दोन्ही कडा दुमडून तुरपाई घातली, तुमच्याच टाक्याची, आणि बांधायला चार बंद लावले. मनगट अजून नीट वळत नाही. तुरपाई वाकडी आली आहे, डावीकडची जास्त. तुम्ही असतात तर उसवायला लावली असती. भीतीचा खुलासा जमत नसेल तर निदान एवढं कळवा, की उसवू की राहू देऊ. मात्र शुक्रवार, २० डिसेंबर १९४६, सायंकाळी पाचच्या आत, आणि लेखी.